मंगळाच्या तिपायी यंत्राची कारकीर्द

1895 च्या मे महिन्यात हर्बर्ट जॉर्ज वेल्स हा अठ्ठावीस वर्षांचा लेखक लंडन सोडून सरे परगण्यातल्या वोकिंग गावी राहायला आला. तब्येत तोळामासा, खिसा त्याहून हलका. मेबरी रोडवर त्यानं भाड्यानं घर घेतलं. घरासमोरून रेल्वेचा रस्ता जाई, आणि थोडं चाललं की हॉर्सेलचं माळरान लागे, वाळूच्या खाणी असलेलं. वेल्स तिथे सायकल शिकला. सायकलवरून हिंडता हिंडता त्यानं एक उद्योग आरंभला. हे घर जाळायचं, तो पूल पाडायचा, या चौकात माणसांची पळापळ दाखवायची, अशी गावातली एकेक जागा तो मनाशी नोंदवत गेला. त्याच्या डोक्यात तेव्हा एक लढाऊ यंत्र आकार घेत होतं. आपल्या जगात ते कधी अवतरलं नाही, पण त्याची कारकीर्द सव्वाशे वर्षं उलटली तरी चालू आहे.

यंत्राचं बीज मात्र सायकलवर पडलेलं नव्हतं. सरेच्या रानातून चालताना वेल्सच्या भावानं, फ्रँकनं, एक विषय काढला होता. आकाशातून कुणी परके अचानक इथे उतरले आणि आपण टास्मानियाच्या लोकांशी वागलो तसे ते आपल्याशी वागले, तर? टास्मानिया बेटावर युरोपातले वसाहतवाले उतरल्यावर एका माणसाच्या आयुष्याएवढ्या काळात तिथल्या मूळच्या समाजाची धूळधाण झाली होती. तो समाज नामशेष झाला असंच तेव्हा सगळे धरून चालत. त्यांचे वंशज आजही तिथे आहेत. वेल्सनं ‘द वॉर ऑफ द वर्ल्ड्स’ हे पुस्तक फ्रँकलाच अर्पण केलं, आणि कल्पना त्याची आहे हेही अर्पणपत्रिकेत नमूद केलं. टास्मानियाचा उल्लेख पहिल्याच प्रकरणात येतो. हे पुस्तक परग्रहवासीयांची करमणूक म्हणून वाचणाऱ्यांनी ते प्रकरण पुन्हा एकदा वाचावं, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

पुढचं सामान त्या काळानंच पुरवलं. 1877 मध्ये इटलीच्या स्कियापारेल्ली या खगोलशास्त्रज्ञाला मंगळावर रेषा दिसल्या होत्या. त्यांना त्यानं दिलेल्या नावाचा इंग्रजीत ‘कालवे’ असा अर्थ लावला गेला, आणि कालवे म्हटल्यावर ते खणणारेही आलेच. 1894 मध्ये मंगळ पृथ्वीच्या जवळ आला तेव्हा नीसच्या वेधशाळेतून त्याच्यावर एक विचित्र उजेड दिसल्याची बातमी ‘नेचर’ साप्ताहिकात छापून आली. पुढच्याच वर्षी अमेरिकेत पर्सिव्हल लॉवेलचं मंगळावरचं पुस्तक निघालं: वाळत चाललेला ग्रह, आणि पाण्यासाठी झगडणारे तिथले शहाणे रहिवासी. वेल्सनं नीसचा तो उजेड उचलला आणि ती मंगळावर प्रचंड तोफ ओतली जात असतानाची चमक ठरवली.

एप्रिल ते डिसेंबर 1897 या काळात ‘पिअर्सन्स मॅगझीन’मधून ही कादंबरी क्रमशः आली. त्या वर्षाचं पंचांग आपण मराठी माणसांनी तरी शेजारी मांडून पाहायला हवं. मुंबईत प्लेग येऊन वर्ष व्हायचं होतं. जानेवारीत भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात वाल्डेमार हाफकीननं आपली प्लेगची लस आधी स्वतःलाच टोचून घेतली होती. पुण्यात प्लेग-अधिकारी रँडचे गोरे सोजीर घराघरांत शिरून झडत्या घेत होते. 22 जून रोजी व्हिक्टोरिया राणीच्या राज्याला साठ वर्षं झाल्याचा सोहळा झाला आणि त्याच रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली. चार दिवसांनी, 26 जूनला, इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर स्पिटहेडला ब्रिटिश आरमाराची पाहणी झाली. दीडशेहून जास्त युद्धनौका रांगा धरून उभ्या होत्या. त्या रांगांमधून चार्ल्स पार्सन्सची ‘टर्बिनिया’ ही चिमुकली बोट वाफेच्या टर्बाइनच्या जोरावर सुसाट निघून गेली, आणि तिला अडवायला सोडलेल्या बोटी मागेच राहिल्या. सत्तेचा असा डोळे दिपवणारा देखावा चालू असताना त्याच देशातला एक लेखक मासिकाच्या पानांवर त्या सत्तेचं सैन्य, राजधानी आणि जहाज एकामागून एक उद्ध्वस्त करत होता.

आता यंत्राकडे वळू. मंगळावरून सोडलेला पहिला नळकांड्यासारखा गोळा हॉर्सेलच्या माळावर येऊन रुततो. असे एकंदर दहा, रोज रात्री एक. गोळा गरम असतो, गावची माणसं भोवती जमतात, पोरं खड्ड्याच्या काठावर पाय सोडून बसतात. मग नळकांड्याचं झाकण आतून हळूहळू फिरू लागतं, बरणीचं फिरकीचं झाकण फिरावं तसं. या प्रसंगात वेल्सनं घाई अजिबात केलेली नाही. पांढरं निशाण घेऊन बोलणी करायला गेलेली मंडळी क्षणार्धात जळून जातात, तोवर वाचकालाही गर्दीतल्या त्या माणसांसारखंच वाटत असतं की थोडं पुढं होऊन बघावं.

यंत्राचं पहिलं दर्शन वादळी रात्री होतं. विजेच्या एका लखलखाटात ते दिसतं, पुढच्या लखलखाटात शंभर यार्ड पुढे आलेलं असतं. तीन पाय, घरांहून उंच, वर पितळी टोप, खाली लोंबणारे लवचिक पोलादी हात. त्याची चाल सांगायला वेल्सनं दूध काढायच्या बैठ्या स्टुलाची उपमा घेतली आहे. तशी तिपाई तिरकी करून जोरात घरंगळत सोडली तर जशी जाईल तशी. टोपात बसलेला मंगळवासी म्हणजे जवळजवळ नुसता मेंदू, आणि यंत्र हेच त्याचं अंग. पाठीवर कोळ्याच्या टोपलीसारखी मोठी टोपली, पकडलेली माणसं ठेवायला. शस्त्रं दोन: दिसेल ते पेटवणारा उष्णकिरण, आणि जमिनीलगत पसरून दऱ्याखोरी भरत जाणारा विषारी काळा धूर. 22 एप्रिल 1915 रोजी बेल्जियममध्ये ईप्रच्या आघाडीवर जर्मन फौजेनं क्लोरीन सोडला, तेव्हा तोही असाच जमिनीला धरून खंदकांत उतरला. त्या दिवशी वेल्स अठ्ठेचाळीस वर्षांचा होता.

वोकिंगवरच्या पहिल्या हल्ल्यात कोसळणाऱ्या इमारतींत एका मशिदीचा कळस आहे. इंग्लंडच्या खेड्यात मशीद हे वाचून कुणालाही नवल वाटेल, पण ती तिथे खरोखरच होती आणि आजही आहे. 1889 मध्ये ती उभी राहिली ती भोपाळच्या शाहजहान बेगमेनं दिलेल्या पैशातून. नावही शाहजहान मशीद. भोपाळच्या खजिन्यातून सरेमध्ये उभा राहिलेला कळस मंगळाच्या उष्णकिरणानं उडाला. सायकलवरून टिपलेल्या खुणा अशा कामी आल्या.

या यंत्राच्या लढायांत माणसांच्या बाजूनं लागलेले घाव मोजकेच. शेपर्टनजवळ तोफेचा एक गोळा नेमका टोपावर बसला, आतला मंगळवासी ठार झाला आणि यंत्र आंधळ्यासारखं भेलकांडत नदीत कोसळलं. सेंट जॉर्जेस हिलजवळ एकाचा पाय मोडला, तो आतल्या मंगळवासीनं त्याच रात्री दुरुस्त केला. आणि तिसरी लढाई झाली ती समुद्रावर. माझ्या मते सगळ्या पुस्तकाचा प्राण तीच आहे.

लंडन रिकामं होतंय. एसेक्सच्या किनाऱ्यावर मिळेल ती बोट धरून माणसं पळताहेत. निवेदकाचा भाऊ एका आगबोटीवर आहे. तेवढ्यात तीन यंत्रं किनाऱ्यावरून सरळ समुद्रात उतरतात, गुडघ्याएवढं पाणी, मग कमरेएवढं, आणि पळणाऱ्या बोटींची वाट अडवायला निघतात. मधे येते ‘थंडर चाइल्ड’ नावाची आरमारी नौका, शत्रूला धडकून फोडण्यासाठी बांधलेली. ती तोफ डागत नाही. पूर्ण वेगात, पाणी नांगरत, दोन्ही बाजूंना फेसाच्या भिंती उडवत ती पुढे येते. मंगळवासी थबकतात. समोरून येणारं हे काय आहे ते त्यांना उमगत नाही. वेल्स म्हणतो, कदाचित तीही त्यांना आपल्यासारखीच कुणी महाकाय प्राणी वाटली असेल. तिनं एक गोळा जरी टाकला असता तरी त्यांनी तिला तिथेच बुडवलं असतं. काळा धूर तिच्या अंगावरून निथळून जातो. मग उष्णकिरण तिच्या पोलादी बाजूत, कागदात तापलेली सळई घुसावी तसा घुसतो. पण तोवर अंतर संपलेलं असतं. पहिलं यंत्र कोसळतं. जळत्या नौकेच्या तोफा आता बोलू लागतात. दुसऱ्या यंत्राजवळ पोचता पोचता तिच्या पोटात स्फोट होतो, आणि वेगाच्या भरात पुढे जाणारा तिचा पेटता सांगाडा त्या यंत्राला चिरडून टाकतो. वाफेचा ढग विरतो तेव्हा थंडर चाइल्ड कुठे दिसत नाही आणि तिसरं यंत्रही दिसत नाही. आगबोट मात्र खुल्या समुद्रात पोचलेली असते.

अशा जातीची नौका ब्रिटिश आरमारात खरोखर एकच होती: 1881 मध्ये पाण्यात उतरलेली ‘पॉलिफीमस’. नाळेवर धडक मारायचं पोलादी टोक, पोटात टॉर्पेडो, पाण्यावर दिसणारं अंग अगदी कमी. तिला खरी लढाई कधी मिळाली नाही, आणि 1903 मध्ये ती विकून टाकली. लढाई मिळाली ती तिच्या कल्पनेतल्या बहिणीला.

शेवट बहुतेकांना माहीत असतो. सैन्य हरतं, सरकार पळतं, आणि मग लंडनच्या प्रिमरोझ टेकडीवर यंत्रं निश्चल उभी सापडतात. वर पक्षी घिरट्या घालताहेत, टोपातलं मांस टोचताहेत. मंगळवासीयांना पृथ्वीवरच्या सूक्ष्म जंतूंनी मारलेलं असतं. हा शेवट सोयीचा आहे असं म्हणणारे भेटतात. मला ते पटत नाही. वेल्स साउथ केन्सिंग्टनला टी. एच. हक्स्लीकडे जीवशास्त्र शिकला होता. प्लेगचा जंतू 1894 मध्ये हाँगकाँगला यर्सिननं नुकताच शोधला होता, आणि कादंबरी छापली जात होती त्याच महिन्यांत मुंबई-पुण्याची माणसं त्या जंतूनं घराघरांत मरत होती. जंतूंसमोर तोफा चालत नाहीत हे 1897 साली पुस्तकी ज्ञान उरलेलं नव्हतं. या जंतूंची सवय व्हायला माणसानं पिढ्यान्‌पिढ्या अब्जावधी मृत्यूंची किंमत मोजली आहे, हे वेल्स शेवटी आवर्जून सांगतो.

1898 मध्ये हाइनमननं पुस्तक काढलं. मासिकात वॉरविक गोबलनं काढलेली यंत्रं वेल्सला पसंत नव्हती, फार ताठ आणि निर्जीव वाटली. पुस्तकात त्यानं चक्क अशा चित्रकाराला फटकारणारा मजकूर घातला. त्याच वर्षी सप्टेंबरात सुदानमध्ये ओमदुर्मानच्या मैदानात ब्रिटिश-इजिप्शियन फौजेनं मॅक्झिम तोफांनी काही तासांत दहा हजारांहून जास्त माणसं कापून काढली. त्यांच्या स्वतःच्या बाजूला पन्नासही मेले नाहीत. यंत्राच्या टोपात बसून खाली पाहणाऱ्याची जागा कुणाची होती, ते त्या आकड्यांत स्वच्छ दिसतं. त्या यंत्राला मनाजोगता चित्रकार मिळाला तो 1906 मध्ये, ब्रुसेल्सच्या पाचशे प्रतींच्या आवृत्तीसाठी: एन्रिके आल्विम कोर्रेआ, ब्राझीलचा. त्याची यंत्रं पाहणाऱ्याकडे टवकारून बघतात. चार वर्षांनी तो गेला, अवघा चौतीस वर्षांचा.

दरम्यान यंत्रानं अटलांटिक ओलांडला होता, तोही चोरीच्या मार्गानं. न्यूयॉर्कच्या ‘इव्हनिंग जर्नल’नं आणि मग ‘बोस्टन पोस्ट’नं गावांची नावं बदलून कथा छापली; बोस्टनच्या पत्रात मंगळाची यंत्रं बोस्टनवरच चालून आली. वेल्सनं हरकत घेतली आणि त्याचं म्हणणं न्याय्य होतं. पण या चोरीच्या मालिकेला मॅसॅच्युसेट्समधल्या वूस्टरला एक वाचक मिळाला, रॉबर्ट गोडार्ड नावाचा मुलगा. 19 ऑक्टोबर 1899 ला, सतरा वर्षांचा असताना, तो मळ्यातल्या चेरीच्या झाडाच्या वाळक्या फांद्या छाटायला वर चढला. वरून शेताकडे बघता बघता त्याच्या मनात आलं, मंगळापर्यंत जाईल असं काही यंत्र बनवता आलं तर किती छान, आणि समोरच्या कुरणातून ते वर गेलं तर कसं दिसेल. तो झाडावरून उतरला तेव्हा आयुष्याला कारण मिळालं होतं, असं त्यानं पुढे लिहिलं. 19 ऑक्टोबर हा दिवस तो जन्मभर पाळत आला. 16 मार्च 1926 ला ऑबर्न गावच्या शेतात त्यानं द्रवरूप इंधनावरचं जगातलं पहिलं रॉकेट उडवलं. ते अडीच सेकंद उडालं आणि कोबीच्या वाफ्यात पडलं. 1932 मध्ये त्यानं वेल्सला पत्र लिहून त्या पुस्तकाचं ऋण कळवलं.

यंत्राचा सर्वांत गाजलेला हल्ला 30 ऑक्टोबर 1938 चा, रविवार रात्री आठचा. न्यूयॉर्कच्या सीबीएस नभोवाणीवर तेवीस वर्षांच्या ऑर्सन वेल्सच्या मर्क्युरी थिएटरनं ते नाटक बातम्यांच्या रूपात सादर केलं. संहिता हॉवर्ड कॉखची. यंत्रं कुठे उतरवायची हे ठरवायला त्यानं न्यू जर्सीच्या नकाशावर डोळे मिटून पेन्सिल टेकवली, ती ग्रोव्हर्स मिल या वस्तीवर पडली. बातमीदाराची भूमिका करणारा फ्रँक रीडिक तालमीआधी एक ध्वनिमुद्रण पुन्हा पुन्हा ऐकत बसला: आदल्या वर्षी हिंडेनबर्ग हे हवाई जहाज डोळ्यांदेखत पेटलं तेव्हाचा हर्बर्ट मॉरिसनचा आवाज, रडवेला, तुटणारा. तोच आवाज त्यानं उचलला. मग वाक्य मधेच तुटलं आणि काही क्षण पूर्ण शांतता. त्या शांततेनंच ऐकणाऱ्यांच्या छातीत धडकी भरली.

सबंध अमेरिका रस्त्यावर आली, ही आपण सगळ्यांनी ऐकलेली गोष्ट मात्र बरीच फुगवलेली आहे. त्या रात्री फोनवरून घेतलेल्या पाहणीत जेमतेम दोन टक्के लोकांनी हा कार्यक्रम ऐकत असल्याचं सांगितलं. बाकीच्यांपैकी पुष्कळ जण दुसऱ्या केंद्रावरचा एडगर बर्गनचा बोलक्या बाहुल्याचा खेळ ऐकत होते. काही माणसं घाबरली, फोन खणखणले, हे खरं. पण दुसऱ्या दिवशी जो हलकल्लोळ दिसला तो वृत्तपत्रांच्या मथळ्यांत जास्त होता, आणि जाहिरातींचा पैसा रेडिओ पळवतो म्हणून वृत्तपत्रांचा रेडिओवर राग होता. जे घाबरले त्यांना हसू नये. म्युनिकच्या कराराला महिनाच झाला होता. कार्यक्रम थांबवून युद्धाची बातमी सांगणारा आवाज त्यांनी सबंध सप्टेंबरभर ऐकला होता.

खरा रक्तपात इक्वेडोरमध्ये झाला. 12 फेब्रुवारी 1949 ला रेडिओ कीतोनं तशीच नक्कल केली. लोक रस्त्यावर आले, चर्चकडे धावले, आणि हे सगळं खोटं आहे असं कळताच संतापून त्यांनी नभोवाणीची इमारत पेटवून दिली. त्याच इमारतीत ‘एल कोमेर्सिओ’ हे दैनिक होतं. किमान सहा जण मेले. कागदावरच्या यंत्रानं घेतलेले हे खरे बळी, आणि त्यांची आठवण फारच कमी लेखांत निघते.

1953 च्या जॉर्ज पालच्या चित्रपटात तीन पाय गेले. यंत्र तांबूस रंगाचं, पाकट माशासारखं पसरट, वर नागाच्या फण्यासारखी मान काढून तरंगणारं झालं. अणुबाँबनंही त्याला ओरखडा उठत नाही. हा आकार काढणारा कलादिग्दर्शक अल्बर्ट नोझाकी. जन्म जपानचा, लहानपणापासून अमेरिकेत वाढलेला. पर्ल हार्बरनंतर त्याला पॅरामाउंटच्या नोकरीवरून काढलं आणि बायकोसह मॅन्झनारच्या छावणीत काटेरी तारेमागे ठेवलं. ज्या माणसाला त्याच्या देशानं परका म्हणून कोंडलं, त्याच्याच हातून पडद्यावरच्या परक्यांचं सर्वांत देखणं यंत्र उतरलं. त्यानंतर 1978 मध्ये जेफ वेनच्या संगीत-अल्बमनं तीन पाय परत आणले. त्याच्या वेष्टनावर माइक ट्रिमनं यंत्रासमोर झुंजणारी थंडर चाइल्ड रंगवली आहे. 2005 चा स्पीलबर्गचा चित्रपट आवाजी आहे, पण घर सोडून पळणाऱ्या माणसांचे चेहरे त्यात नीट दिसतात. वोकिंगच्या बाजारपेठेत 1998 पासून मायकेल कॉन्ड्रननं घडवलेलं सात मीटर उंचीचं पोलादी यंत्र उभं आहे.

यंत्राचा उलटा प्रवास झाला तो 1975-76 मध्ये. नासाचं ‘व्हायकिंग 1’ हे यान मंगळाकडे निघालं. निघण्याआधी त्याचा मंगळावर उतरणारा भाग मोठ्या भट्टीत ठेवून शंभर अंश सेल्सिअसच्या वर तासन्‌तास तापवला होता, कारण पृथ्वीवरचा एकही जंतू मंगळावर जाऊ द्यायचा नव्हता. 20 जुलै 1976 रोजी ते यान मंगळावर उतरलं. त्याला तीन पाय होते. उतरल्यावर काही मिनिटांतच त्यानं मंगळाच्या जमिनीवरून पहिलं छायाचित्र पाठवलं, आणि त्यात दगडधोंड्यांच्या शेजारी त्या तीन पायांपैकी एक दिसतो.